“आईला असलं काही विचारू नका, ती आणखी खचेल”

किमोच्या डे-केअरमध्ये मनावरच्या ताणाची चाचणी सुरू केली की नातेवाइकांकडून हमखास ही विनवणी येते. तिच्या पाठोपाठ दुसरी शंका असते: आकडा जास्त आला तर ‘मानसिक रुग्ण’ असा शिक्का बसेल आणि किमो थांबवतील. पुढचं उदाहरण अनेक रुग्णांत दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून मांडलेलं आहे.

ताईंचं वय ५२, गाव साताऱ्याजवळ. स्तनाचा कॅन्सर, दोन किमो झालेल्या. हातात ‘डिस्ट्रेस थर्मामीटर’चा कागद दिला होता. न्यूयॉर्कच्या डॉ. जिमी हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली ही उभी पट्टी आज जगभर वापरतात. तळाला ०, म्हणजे त्रास अजिबात नाही. टोकाला १०, म्हणजे पराकोटीचा त्रास. आजचा दिवस धरून गेल्या आठवड्याभरात किती त्रास झाला, तिथे खूण करायची. शेजारी अडचणींची यादी असते: पैसे, प्रवास, घरची माणसं, भीती, उदासी, श्रद्धेबद्दलचे प्रश्न, झोप, भूक, वेदना.

कागद मुलानेच भरला. आकडा २.

चाचणी फसते ती बहुतेकदा इथेच. मुलगा खोटं लिहीत नव्हता. आई त्याच्यासमोर रडतच नव्हती. म्हणून रुग्णाला पाच मिनिटं तरी एकट्याने भेटायचंच. वाचता येत नसेल तर प्रश्न तोंडी विचारायचे. घरच्यांनी फक्त ‘गाठ’ असं सांगितलं असेल, तर आपणहून ‘कॅन्सर’ शब्द न काढता आधी विचारायचं, “तुम्हाला आजाराबद्दल काय माहीत आहे?”

एकट्या असताना ताईंनी ७ वर बोट ठेवलं. सर्वसाधारणपणे ४ किंवा जास्त आकडा आला की पुढे सविस्तर बोलायचं असतं. हे निदान नाही, आणि एवढ्यावरून किमो थांबत नाही. आमच्या मते आकड्यापेक्षा यादीतल्या खुणा अधिक बोलतात. ताईंच्या खुणा तीन होत्या: झोप, पैसे, मुलीची काळजी.

झोपेचं कारण गोळ्यांत सापडलं. किमोसोबतची स्टिरॉइडची दुसरी गोळी ताई रात्री जेवणानंतर घेत होत्या. स्टिरॉइडने झोप उडते. डॉक्टरांनी ती वेळ दुपारवर आणली. (वेळ स्वतःहून बदलू नये.) पैशांसाठी वैद्यकीय समाजसेवकाकडे पाठवलं, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रं अर्धवट राहिली होती. समुपदेशनासाठी उरली ती मुलीची काळजी. “तिलाही होईल का?” हा प्रश्न त्यांनी घरात कुणालाच विचारला नव्हता.

उदासी आहे का, हे पाहायला पुढची प्रश्नावली लागते. पीएचक्यू-९ या उदासी मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत थकवा, भूक, झोप यांचेही गुण धरतात, आणि किमोवरच्या माणसाला हे तिन्ही त्रास नुसत्या औषधांनी होऊ शकतात. त्यामुळे तिथला आकडा फुगलेला असू शकतो. ‘हॅड्स’ या चिंता आणि उदासी मोजणाऱ्या दुसऱ्या प्रश्नावलीच्या १४ प्रश्नांत अशी शारीरिक लक्षणं मुद्दाम बाजूला ठेवली आहेत, म्हणून इथे ते बरे पडतात. पीएचक्यू-९ वापरलीच, तर नववा प्रश्न, मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा, कधीही गाळू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; पुष्कळांना निदान कुणाशी तरी बोलता येतं. उत्तर ‘हो’ आलं, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं आणि तोवर रुग्णाला एकटं सोडायचं नाही. घरी असताना असं झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे; मराठीतही बोलता येतं.

आणि ‘आई आणखी खचेल’ ही घरच्यांची मूळ शंका? आई खचली ती प्रश्नांनी नव्हे. प्रश्न येण्याआधीच ती ७ वर होती.

पुढच्या किमोला ताईंचा आकडा ४ आला, पैशांची खूण तशीच होती. चाचणी पुन्हा करायची ती रेडिएशन सुरू होताना, आणि सगळे उपचार संपल्यावर तर नक्कीच. रुग्णालयाच्या फेऱ्या थांबतात, घरचे म्हणतात “सुटलीस बाई”, आणि नेमकी तेव्हाच आजार उलटण्याची भीती अनेकांना जास्त छळते.