वावरातलं लोह आणि तुझी पीएच.डी.

बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझा प्रस्ताव वाचला. शिफ बेस लिगंड (लिगंड म्हणजे धातूला धरून ठेवणारा रेणू), त्याचे तांबं, निकेल, कोबाल्टसोबतचे कॉम्प्लेक्स, म्हणजे धातू-लिगंडच्या जोड्या, आणि शेवटी दोन जिवाणूंवर चाचणी. काम होईल, पदवीही मिळेल. पण अशा प्रबंधांनी आपल्याकडची कपाटं भरली आहेत. त्यात भर घालायला तूच कशाला पाहिजेस?

वरुडकडचा तुमचा संत्र्याचा बगीचा आठव. कोवळं पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या. बाबा म्हणतात, जमिनीत लोह नाही. लोह भरपूर आहे, काळी माती बेसाल्टचीच आहे. पण चुनखडीच्या जमिनीत सामू (पीएच) ८ च्या आसपास गेला की ते ऑक्साइड-हायड्रॉक्साइड होऊन बसतं, मुळाला मिळत नाही. मग कृषी केंद्रवाला ईडीटीएचं चिलेट देतो, म्हणजे लिगंडनं धरून विरघळलेलं ठेवलेलं लोह. ईडीटीए लोहाला सहा ठिकाणी धरतं खरं, पण सामू साडेसहा-सातच्या पुढे गेला की मातीतलं कॅल्शियम त्याला लोहापासून ओढून घेतं. ईडीडीएचए हा दुसरा लिगंड मात्र सामू ९ पर्यंत लोह सोडत नाही. ते महाग असतं. परीक्षेसाठी पाठ केलेला स्थिरता स्थिरांक (लिगंड धातूला किती घट्ट धरतो त्याचं माप) इथे थेट बाबांच्या खिशात हात घालतो.

आणि झाडं काय करतात ते बघ. हरभऱ्याचं मूळ आम्ल सोडतं, फेरिक लोहाचं (Fe³⁺) फेरस (Fe²⁺) करतं आणि मग लोह घेतं. गहू स्वतःच लिगंड बनवून मातीत सोडतो आणि फेरिकचा कॉम्प्लेक्स जसाच्या तसा आत ओढतो. ज्वारी याच घराण्यातली, पण असा लिगंड कमी सोडते, म्हणून चुनखडीत लवकर पिवळी पडते. हे सगळं तुझंच कोऑर्डिनेशन रसायनशास्त्र आहे, फक्त फ्लास्कच्या बाहेर चाललेलं.

माझं म्हणणं एवढंच: धुऱ्यावर आणि पडीत जमिनीत एक मीटरचे चौकोन आख. चुनखडीच्या पट्ट्यात कोणती रानवनस्पती हिरवी राहते, कोणती पिवळी पडते, ते नोंद. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना सहमार्गदर्शक घे. झाडं आपल्यालाही ओळखता येतात हा आम्हा रसायनवाल्यांचा जुना भ्रम आहे. तरोटा घरी सगळे ओळखतात, पण वहीत शास्त्रीय नाव हवंच.

एनएमआर, रेणूची रचना दाखवणारं यंत्र, आपल्याकडे नाही म्हणून रडू नकोस. ताजं पान बारीक चिरून ऑर्थो-फेनॅन्थ्रोलीनमध्ये ठेव, पानातल्या फेरस लोहाशी जुळून नारिंगी रंग येईल, तो ५१० नॅनोमीटरला मोज. कॉलेजच्या जुन्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर हे होतं. वाळवलेल्या पानातल्या एकूण लोहावर विसंबू नकोस: पिवळ्या पानातही ते कधीकधी हिरव्याइतकंच निघतं. मातीतलं झाडाला मिळू शकणारं लोह काढायला डीटीपीए वापर, सामू ७.३ ला ठेवून. तोही लिगंडच!

माती घेताना लोखंडी खुरपं नको, लाकडी चमचा ने. नमुना सावलीत वाळव, कापडी पिशवीत भर आणि चिठ्ठी पेन्सिलने लिही. पेनाची शाई ओलाव्यानं पसरते.

तुझे सर