लांडग्याला थोडे दिवस सुट्टी दे

प्रश्न: मावशी, माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. तिने दादाच्या वहीवर रेघोट्या ओढल्या आणि हातात स्केचपेन असताना सरळ म्हणाली, "मी नाही केलं." खोटं बोलायची सवय लागू नये म्हणून मी रोज रात्री तिला 'लांडगा आला रे आला' वाचून दाखवते. परवा तिने फुटलेला कप कपाटामागे लपवून ठेवला. सासूबाई म्हणतात, दोन रट्टे दिले की सुतासारखी सरळ येईल. गोष्टींनी खरंच काही होतं का?
– एक आई, सातारा

अगं, होतं की. पण तू निवडलेल्या गोष्टीतून लेकीला काय मिळालं ते बघ. मुलगा खोटं बोलला, लांडग्याने मेंढ्या खाल्ल्या. म्हणजे पकडलं गेलं की वाईट होतं. म्हणून तिने कप लपवला. पोर हुशार आहे.

टोरांटो विद्यापीठातल्या कँग ली यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये नेमका हाच प्रयोग प्रसिद्ध केला. 3 ते 7 वर्षांच्या मुलांना आवाजावरून मागचं खेळणं ओळखायला सांगायचं, 'मागे वळून बघू नकोस' म्हणून मोठ्या माणसाने खोलीबाहेर जायचं. बहुतेकांना राहवत नाही, ती बघतातच. मग एक गोष्ट वाचून दाखवायची आणि विचारायचं, बघितलंस का? लांडग्याच्या गोष्टीने काही फरक पडला नाही. खोटं बोललं की नाक लांब होणाऱ्या पिनोकिओनेही नाही. फरक पडला तो अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या लहानपणच्या, चेरीच्या झाडाच्या गोष्टीने. त्यात मुलगा 'झाड मीच तोडलं' म्हणतो आणि वडील त्याच्या खरेपणावर खूश होतात. त्याच गोष्टीचा शेवट बदलून वाईट केला, तर परिणाम नाहीसा झाला. (गंमत म्हणजे ही गोष्ट वीम्स नावाच्या चरित्रकाराने वॉशिंग्टनच्या चरित्राच्या 1806 च्या आवृत्तीत घातली, आणि ती रचलेलीच असावी असं इतिहासकार मानतात!)

तेव्हा लांडग्याला थोडे दिवस सुट्टी दे. लाकूडतोड्या आणि जलदेवता घे. फक्त सोन्याच्या कुऱ्हाडीवर फार रेंगाळू नकोस, नाहीतर उद्या "मी खरं सांगितलं, मला काय देणार?" असं ऐकावं लागेल. "ही माझी नाही" म्हणताना त्याच्या पोटात काय होत असेल, तिथे थांब आणि तिला विचार. उत्तर चुकलं तरी दुरुस्त करायला जाऊ नकोस. टिळकांची शेंगांची गोष्ट मात्र थोडी मोठी झाल्यावर. या वयात तिच्या डोक्यात फक्त "मी टरफलं उचलणार नाही" एवढंच राहील, आणि खोली तुलाच झाडावी लागेल.

एक गोष्ट तुझ्यासाठी, तिच्यासाठी नाही. गांधीजी पंधरा वर्षांचे असताना भावाचं कर्ज फेडायला त्यांनी भावाच्याच कड्यातलं सोनं चोरलं. मग चिठ्ठी लिहून ती आजारी वडिलांच्या हातात दिली. वडिलांनी वाचली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. मारलं नाही. गोष्टीतल्या बापासारखं वागायची पाळी आता तुझी आहे. ती "मीच केलं" म्हणाली की आधी "सांगितलंस, बरं वाटलं" म्हण, मग दोघी मिळून फरशी पुसा किंवा दादाच्या वहीला नवं कव्हर घाला. पुसणं टाळू नकोस, पण ओरडणं टाळ. आणि कोणी केलं हे दिसत असताना "कोणी केलं?" असं विचारू नकोस. तो प्रश्न नसतो, सापळा असतो. "रेघोट्या ओढलेल्या दिसतायत, चल पुसू या," एवढं पुरे.

घरात नको असलेला फोन आला की "बाबा घरी नाहीत म्हणून सांग" असं तिला कोणी सांगत असेल, तर तेही आजपासून बंद.

राहिल्या सासूबाई. रट्ट्यांवरून त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस. रात्रीची गोष्ट त्यांनाच सांगायला लाव. लहानपणी काय फोडलं, काय सांडलं, कोणाला जाऊन कबूल केलं, हे आजीच्या तोंडून ऐकायला नातीला फार आवडेल. आणि त्या गोष्टीत आजीने स्वतः रट्टे खाल्ले असतील, तर ते तेव्हा कसे वाटले होते, हेही नातच विचारेल.

तुझी,
मावशी