वाचक विचारतात : वळवाच्या पावसासाठी सरकतं छप्पर

प्रश्न (देवगड) : मे महिन्यात आमच्या खळ्यात आमसुलं, फणसपोळी, आंब्याची साठं वाळत असतात आणि वळीव आला की सगळ्यांची धावपळ. म्हणून 4 मीटर रुंद आणि भिंतीपासून 3 मीटर पुढे येणारं सरकतं कापडी छप्पर चार तारांवर बसवून घेतलं. पहिल्याच जोरदार सरीत चिऱ्याच्या भिंतीतले दोन बोल्ट उपटून आले. कापडावर पाण्याचे डोहही साचले होते. तार जाड घ्यावी की बोल्ट मोठे?

उत्तर : दोन्ही नको. तारच काढून टाका. ताणलेली तार भिंतीला किती ओढते याचा अंदाज सहसा कोणी घेत नाही. ताशी 50 किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला साधारण 12 किलो जोर लावतो. तुमच्या मधल्या तारेच्या वाट्याला सव्वा मीटरहून थोडी जास्त रुंदी येते, म्हणजे मीटरला 16 किलो. हा भार गुणिले लांबीचा वर्ग, भागिले झोळाची आठपट, असा तारेतला ताण निघतो. 15 सेंटिमीटर झोळ ठेवला तर सव्वाशे किलोच्या आसपास. टर्नबकल (तार आवळायचा स्क्रू) पिळून झोळ 5 सेंटिमीटरवर आणलात की जवळपास 360 किलो! दिसायला तार सरळ आणि देखणी, पण ओढ तिपटीने वाढलेली. त्यात रावल बोल्ट फुगून भिंत धरतो. जांभा मऊ आणि सच्छिद्र, तो फुगवट्याने आतून चुरतो. बोल्ट मोठा घेतला तर चिरा फुटेल, एवढाच फरक.

तारेऐवजी सव्वा इंची, बी क्लास (मध्यम जाडीचे), जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप चार ठिकाणी टाका. पाइप स्वतःच्या ताठपणावर भार उचलतो, भिंतीला ओढत नाही. 3 मीटरला तो या वाऱ्यात सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर वाकेल, त्याने काही बिघडत नाही. हे पाइप फक्त दोन टोकांना टेकवायचे. फॅब्रिकेटर सवयीने मध्ये एक आडवा पाइप वेल्ड करून देतो; तसं झालं की कड्या तिथेच अडकतात आणि छप्पर सरकायचं थांबतं. आधीच बजावून ठेवा. वेल्डिंगच्या जागी जस्त जळतं, तिथे झिंक प्रायमरचे दोन हात हवेतच, खाऱ्या वाऱ्यात गंज तिथूनच धरतो.

भिंत चुन्यात किंवा सिमेंटात बांधलेली असेल तर 12 मिलिमीटरचे बोल्ट आरपार घालून आतल्या बाजूला 100 बाय 100, 6 मिलिमीटर जाडीची पट्टी लावा. भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा. मातीत बांधलेली जुनी भिंत असेल तर तिला हातच लावू नका. भिंतीलगत दोन इंची पाइपचे तीन खांब उभे करा आणि पुढच्या बाजूला तीन. प्रत्येकाखाली 45 बाय 45 आणि 60 सेंटिमीटर खोल काँक्रीट. इतकं कशाला, असं वाटेल. पण वारा कापडाखाली शिरला की छप्पर वर उचलतो, तेव्हा हे वजनच कामी येतं.

आता डोह. कापडी छपराला उतार किमान चारास एक हवा, म्हणजे 3 मीटरला 75 सेंटिमीटर. मागे 3 मीटर उंची असेल तर पुढे सव्वादोन मीटर राहते. कोकणातल्या घरांची वळचण बुटकी असते, मागे 2.6 मीटरच मिळाले तर पुढचं टोक 1.85 वर येतं आणि डोकी आपटतात. अशा वेळी उतार भिंतीला समांतर, बाजूच्या दिशेने काढावा. मात्र तिकडे अंतर 4 मीटर, त्यामुळे उतार पूर्ण 1 मीटरचा धरावा लागतो आणि पाइप दीड इंची घ्यावे लागतात.

उतार असूनही पाणी साचतं ते ढिलाईमुळे. कापडात आडव्या कांड्या असतात, दोन कांड्यांत कापड लोंबतं. तुमच्या मापाला दर 60 सेंटिमीटरवर एक, अशा 25 मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या सहा कांड्या लागतील. दोन कांड्यांमधला झोळ पावणेचार सेंटिमीटरच्या पुढे गेला की तिथला उतार उलटा होतो आणि पाणी थांबतं. एवढा झोळ पडायला 3 मीटर कापडात जेमतेम 3 सेंटिमीटर जादा लांबी पुरते. म्हणून लाटांसारखी लोंबणारी छपरं उन्हासाठी ठीक, पावसात निकामी. खालच्या कांडीला दोन रॅचेट पट्टे (दांडी हलवून आवळायचे) लावा आणि छप्पर ओढल्यावर कापड ढोलाच्या पानासारखं ताठ होईपर्यंत आवळा. मीटरभर रुंद आणि मध्ये 10 सेंटिमीटर खोल डोह म्हणजे 40 किलो, आणि एकदा झोळ पडला की तो वाढतच जातो.

कापड पीव्हीसी कोटिंगचं पॉलिएस्टर, 600 जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपास. जोड शिवणीचे नकोत, गरम हवेने चिकटवलेले आणि उताराच्या दिशेने हवेत. निळी ताडपत्री स्वस्त, पण उन्हाने लवकर तडकते. कांड्या पाइपखाली 60 मिलिमीटरच्या स्टेनलेस कड्यांनी टांगा, प्रत्येक कांडीला चार, एकूण 24. समुद्र जवळ असल्याने 316 ग्रेडचं स्टील घ्या. दोरी एकाच बाजूने ओढली तर कांडी तिरकी होऊन कड्या जाम होतात. दोन्ही टोकांच्या दोऱ्या पुल्यांवरून आणून एकाच हातात याव्यात.

घराच्या पागोळ्या या कापडावर पडणार असतील तर आधी पन्हळ बसवा, नाहीतर छतावरचं सगळं पाणीही त्यावरच येईल. छत्री आवरेनाशी झाली की छप्पर मागे सारायचं. आषाढ-श्रावणात ते गुंडाळून ठेवावं, भर पावसाळ्यासाठी ते नाही.

प्रश्न (पुणे) : गच्चीवर मोटरचं, घडीच्या हातांचं ऑनिंग (उघडमीट होणारं कापडी छत) घ्यायचं आहे. पावसाचा सेन्सर घ्यावा का?

उत्तर : वाऱ्याचा घ्या. बाजारातले बरेच पावसाचे सेन्सर पाऊस आला की ऑनिंग मिटवतात, कारण ती मुळात उन्हासाठी बनलेली आणि बहुतेकांचं ॲक्रिलिक कापड पाणी झटकतं, अडवत नाही. तुम्हाला हवं ते नेमकं उलट. पावसात वापरायचं तर 14 अंशांचा उतार बसवताना मोजून घ्या. तो फिटरवर सोडला तर दिसायला बरा म्हणून कमी ठेवला जातो. हाताने फिरवायच्या दांड्याची सोय असलेलीच मोटर मागा. वादळी सरीत वीज जाते, आणि ऑनिंग मिटवायचं असतं ते तेव्हाच. मोटर सलग चार-पाच मिनिटं चालली की तापून आपोआप बंद पडते, ती बिघडलेली नसते. थंड होऊ द्या.

प्रश्न (सांगली) : कापडावर काळे ठिपके आलेत, जात नाहीत.

उत्तर : ओलं कापड मिटवल्याने बुरशी धरली आहे. कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश. क्लोरीनचं ब्लीच कोटिंग आणि शिवणीचा धागा दोन्ही खातं. पावसामुळे ओलंच मिटवावं लागलं तर पहिल्या उघडिपीला पूर्ण ओढून दोन्ही बाजूंनी वाळवा. कोटिंगच्या आत, धाग्यांत शिरलेले डाग मात्र निघत नाहीत. कापड गळत नसेल तर त्यांच्याकडे दुर्लक्ष करा.