ब्रायटनमध्ये ग्रीन पक्षाचा खासदार निवडून देऊन उपयोग काय? तो नेमकं काय काम करतो?

नोकरीसाठी ब्रायटनला आलात, इथे २०१० पासून ग्रीनच निवडून येतात असं कळलं, आणि आता विचारताय की ६५० जणांच्या सभागृहात एकदोघांनी करायचं तरी काय, मत फुकटच जाणार ना. शिवाय भारतीय पासपोर्टवर मत देता येतं का, हेही विचारलंय. 'मत फुकट' हे इथल्या मराठी मंडळींच्या प्रत्येक जेवणावळीत ऐकून माझे कान किटलेत, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी आकडे. ग्रीनच्या कॅरोलिन लुकस २०१० मध्ये ब्रायटन पॅव्हिलियन मतदारसंघातून जिंकल्या तेव्हा मताधिक्य होतं १,२५२. मग २०१५ ला ७,९६७, २०१७ ला १४,६८९, २०१९ ला १९,९४०. २०२४ ला लुकसबाई उभ्या राहिल्या नाहीत, तरी ग्रीनच्याच शान बेरी १४,२९० मतांनी आल्या. एकट्या खासदाराचा उपयोग नसता तर त्याच गल्लीतल्या त्याच लोकांनी दर वेळी पारडं एवढं जड केलं नसतं.

हे मताधिक्य भाषणांनी येत नाही, वॉर्डातून येतं. ग्रीन पक्षात या पद्धतीला 'टार्गेट टू विन' म्हणतात. मोजके वॉर्ड निवडायचे आणि सगळी माणसं तिथेच लावायची. बाकीच्या वॉर्डांत उमेदवार फक्त कागदावर. निवडणूक नसतानाही वर्षभर ठरावीक अंतराने एक पानी पत्रक दारात पडलं पाहिजे, आणि त्यात हवामानबदलावर निबंध नको. कोपऱ्यावरचा दिवा लागला, बसथांबा हलवला, कचऱ्याच्या पेट्या उचलल्या गेल्या नाहीत, असलं हवं. दारावर गेलं की मतदारयादीतल्या नावापुढे खूण करायची: पक्का आपला, कललेला, दुसऱ्याचा, घरी नाही. 'घरी नाही'वाल्यांकडे परत जायचं, कारण भाड्याने राहणारी तरुण मंडळी संध्याकाळी सातच्या आधी सापडत नाहीत आणि ग्रीनची निम्मी भिस्त त्यांच्यावर. दारातल्या पत्रांच्या फटींना आतून जाड ब्रश असतात, पलीकडे कुत्रा असतो. म्हणून जुने कार्यकर्ते पत्रक लाकडी उलथन्याने आत ढकलतात. बोटं वाचतात आणि कागद दुमडत नाही.

चुका कुठे होतात तेही सांगतो. सगळ्यात महाग चूक म्हणजे टपाली मतदारांना विसरणं. त्यांच्या मतपत्रिका मतदानाच्या कितीतरी आधी घरी येतात आणि बरेच जण आल्या आल्या भरून टाकतात. शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवलेलं झकास पत्रक त्यांच्या लेखी रद्दी असतं. दुसरी चूक मतदानाच्या दिवशीची. केंद्राबाहेर बसलेला कार्यकर्ता मतदारांचे यादीक्रमांक विचारून लिहून घेतो, सांगणं ऐच्छिक असतं. ते क्रमांक पक्षाच्या खोलीत जातात, तिथे मत देऊन आलेल्यांची नावं खोडतात आणि उरलेल्या 'पक्का आपला'वाल्यांची दारं वाजवतात. वर्षभर खुणा नीट केल्या नसतील तर त्या संध्याकाळी विरोधकाच्याच मतदारांना उठवून केंद्रावर पाठवलं जातं. आपल्याकडे ज्यांनी बूथवर काम केलंय त्यांना हे सांगायला नको.

पैशांचा धाक त्या मानाने कमी. अनामत ५०० पौंड, आणि ५ टक्के मतं मिळाली की परत. (आपल्याकडे लोकसभेला २५ हजार रुपये आणि एक षष्ठांश मतं.) उमेदवाराच्या खर्चावर २०२४ ला शहरी मतदारसंघात ११,३९० पौंड अधिक दर मतदारामागे ८ पेन्स इतकी मर्यादा होती. म्हणून माणसं आणि चपला जास्त लागतात.

आता निवडून आल्यावरचं काम. याचा मोठा हिस्सा बातम्यांत येत नाही: व्हिसा अडकलेले, घरात बुरशी आलेले, सरकारी भत्ता थांबलेले लोक. खासदार निर्णय फिरवू शकत नाही. न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणात पडत नाही. नगरपालिकेला हुकूमही देऊ शकत नाही. पण गृह खात्याला खासदाराच्या कार्यालयातून विचारणा गेली की फाइल कुठे अडकलीय ते कळतं आणि लेखी उत्तर मिळतं. सरकारी खात्याविरुद्ध संसदीय लोकपालाकडे तक्रार न्यायची असेल तर ती खासदारामार्फतच न्यावी लागते, हे इथे दहा वर्षं राहिलेल्यांनाही ठाऊक नसतं.

तुम्हाला कधी लिहावं लागलं तर पहिल्याच मेलमध्ये पूर्ण नाव, पत्ता, पोस्टकोड, अर्जाचा क्रमांक, आतापर्यंत काय केलं, आणि नेमकं काय हवंय, एवढं द्या. पत्ता नसेल तर उत्तर येणार नाही. दुसऱ्या खासदाराच्या मतदाराचं काम घ्यायचं नाही, हा इथला कडक रिवाज आहे. शहरात तीन मतदारसंघ आहेत: ब्रायटन पॅव्हिलियन, होव्ह आणि पोर्टस्लेड, ब्रायटन केम्पटाउन आणि पीसहेवन. 'मी ब्रायटनला राहतो' एवढ्याने भागत नाही, पोस्टकोड टाकून खासदार कोण ते बघा. बायकोच्या व्हिसाबद्दल तुम्ही लिहिणार असाल तर तिच्या सहीचं संमतीपत्र जोडा, नाहीतर कार्यालय ते मागेल आणि तेवढा वेळ जाईल. मोहिमांचा तयार मजकूर चिकटवलेल्या शंभर मेलांपेक्षा स्वतःच्या शब्दांतलं एक पत्र जास्त वाचलं जातं, असं माझं मत.

संसदेत एकटा खासदार काय करतो? लेखी प्रश्न विचारतो. ठरावीक तारखेला उत्तर हवं असलेले प्रश्न दिवसाला पाचच टाकता येतात, त्यामुळे ते जपून वापरायचे. समित्यांवर बसतो, लुकसबाई पर्यावरण लेखापरीक्षण समितीवर होत्या. वेस्टमिन्स्टर हॉल या जोडसभागृहात चर्चा मागतो. पंतप्रधानांना प्रश्न विचारायला सोडतीत नाव यावं लागतं. नाही आलं तर दर प्रश्नानंतर जागेवरून उठून सभापतींची नजर पकडायची, आणि लहान पक्षाच्या वाट्याला ती क्वचितच येते.

खरी गंमत, किंवा रड, शुक्रवारची. खासगी विधेयकांसाठी वर्षाच्या अधिवेशनात १३ शुक्रवार, सकाळी साडेनऊ ते दुपारी अडीच. सोडतीत २० नावं निघतात, त्यातल्या वरच्या सातांनाच दिवसाचं पहिलं स्थान मिळण्याची खात्री. तुम्ही सोडतीत नसाल तर विधेयक नुसतं 'सादर' करता येतं, भाषणाविना, आणि ते रांगेत शेवटी. तुमच्या आधीच्या विधेयकावर कोणी मुद्दाम पाल्हाळ लावलं की तुमचा वेळ संपला. ते थांबवायला चर्चा बंद करण्याचा ठराव आणावा लागतो, त्याच्या बाजूने किमान १०० खासदार हवेत, आणि शुक्रवारी निम्मं सभागृह आपापल्या मतदारसंघाच्या गाडीत बसलेलं असतं. अडीचनंतर उरलेल्या विधेयकांची नुसती नावं वाचतात. एका सदस्याने 'हरकत' म्हटलं की त्या दिवसापुरतं मेलं. लुकसबाईंचं आरोग्यसेवा पुन्हा पूर्णपणे सार्वजनिक करण्याचं विधेयक ११ मार्च २०१६ ला असंच संपलं. आधीच्या विधेयकावर सत्ताधारी बाकांवरून तासन्‌तास भाषणं झाली आणि यांच्या वाट्याला जेमतेम पाव तास उरला.

'मत फुकट'वाले इथेच टाळी मागतात, म्हणून शाळांचं उदाहरण देतो. नातेसंबंध आणि लैंगिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी लुकसबाईंनी खासगी विधेयकांतून पुन्हा पुन्हा मांडली. त्यातलं एकही कायदा झालं नाही. पण दर वेळी हुजूर आणि मजूर पक्षातल्या काही बायका सोबत आल्या, शिक्षक संघटना आल्या, आणि २०१७ मध्ये मुलं आणि समाजकार्याच्या सरकारी कायद्यातच ती तरतूद शिरली. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२० पासून ते सक्तीचं आहे. एकट्या खासदाराचं विधेयक पास होण्यासाठी नसतंच. मसुदा तयार ठेवायचा, इतर पक्षांच्या सह्या गोळा करायच्या, आणि सरकारी विधेयक आलं की त्याला दुरुस्ती म्हणून चिकटवायचं. श्रेय सरकार घेतं. घेऊ द्यावं. अमली पदार्थांच्या कायद्याच्या फेरविचारासाठी लुकसबाईंनी एक लाखावर सह्यांची याचिका केली आणि ३० ऑक्टोबर २०१४ ला सभागृहात चर्चा घडवली. कायदा तसाच राहिला, हेही खरं.

आणि हो, एक जागा मिळाली की देशभरातली मतंही कामाला येतात. एक खासदार अधिक दीड लाख मतं असलेल्या विरोधी पक्षाला संसदेकडून संशोधन आणि कर्मचाऱ्यांसाठी पैसे मिळतात, आणि त्यातला एक भाग दर २०० मतांमागे मोजला जातो. म्हणजे जिथे ग्रीन हरतात तिथलं मतसुद्धा अगदीच मातीत जात नाही. जेवणावळीत हा मुद्दा काढला की लोक विषय बदलतात.

आता माझं जुनं भांडण, आणि ते ग्रीनवाल्यांशीच आहे. त्यांच्यातल्या एका गटाला वाटतं की लुकसबाई ऑगस्ट २०१३ मध्ये ससेक्समधल्या बाल्कम गावी तेलाच्या खोदकामाविरुद्ध बसल्या, अटक झाली, पुढच्या वर्षी निर्दोष सुटल्या, म्हणून लोक त्यांच्या मागे गेले. किंवा २०१३ मध्येच वृत्तपत्रातल्या उघड्या बायकांच्या छायाचित्रांविरुद्ध घोषणा लिहिलेला टी-शर्ट घालून चर्चेला उभ्या राहिल्या आणि अध्यक्षांनी तो झाकायला लावला, म्हणून. त्या फोटोंनी नाव झालं, मताधिक्य नाही. पुरावा हवा तर २०२४ चे निकाल बघा. ग्रीनच्या चार जागांपैकी वेव्हनी व्हॅली आणि नॉर्थ हेरफर्डशर या हुजूर पक्षाच्या शेतीप्रधान जागा. तिथे कोणी साखळीने स्वतःला बांधून घेतलं नव्हतं. वेव्हनी व्हॅलीचा काही भाग ज्या मिड सफोक परिषदेत येतो, तिथे २०२३ लाच ग्रीनना बहुमत मिळालं होतं: ३४ पैकी २४. वॉर्ड आधी, खासदार नंतर.

मतदारसंघ सांभाळायचा म्हणजे तत्त्वाला मुरड घालावी लागते, हेही कबूल करायला हवं. वेव्हनी व्हॅलीचे एड्रियन रॅमसे निवडून आल्या आल्या नॉर्विच ते टिलबरी या उच्चदाब वाहिनीच्या मनोऱ्यांविरुद्ध बोलले. तीच वाहिनी समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज आणणार आहे. मला ते पटलं नाही. पर्याय तपासा म्हणणं ठीक, पण मनोरे नकोत आणि पवनऊर्जा हवी, हे फार दिवस जमत नाही.

ब्रायटनमध्येही सगळं गोड नाही. २०११ मध्ये ग्रीन २३ नगरसेवकांसह सर्वांत मोठा पक्ष झाले आणि नगरपालिका हाती आली. २०१३ ला भत्त्यांच्या फेररचनेवरून कचरा कामगारांनी संप केला, रस्त्यांवर पिशव्यांचे ढीग लागले, आणि लुकसबाई आपल्याच पक्षाच्या प्रशासनाविरुद्ध कामगारांच्या बाजूने उभ्या राहिल्या. २०१५ ला नगरसेवक ११ वर आले, खासदाराचं मताधिक्य मात्र सहापट झालं. २०२३ ला तर ५४ पैकी ७ च उरले. लोकांनी खासदार आणि नगरपालिका यांचे हिशेब वेगळे ठेवले, म्हणून ती जागा टिकली. आणि ब्रायटनमध्ये दोन विद्यापीठं, भाडेकरू, स्वतंत्र वृत्तीची माणसं आहेत. हे सगळं प्रत्येक शहरात चालेल असं मी म्हणत नाही.

राहिला तुमच्या मताचा प्रश्न. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे वैध व्हिसावर इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. नोंदणी मतदानाच्या १२ कामकाजाचे दिवस आधी मध्यरात्रीपर्यंत, टपाली मताचा अर्ज ११ कामकाजाचे दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत. केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं, भारतीय पासपोर्ट चालतो. घर बदललंत तर नव्या पत्त्यावर पुन्हा नोंदणी करा, ती आपोआप होत नाही.