रेडकांना राईस मिलचा कोंडा: किती घालायचा आणि पशुखाद्याच्या डीलरचं का ऐकायचं नाही

गोंदिया-भंडाऱ्याकडून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय, मिलचा कोंडा दाराशी स्वस्त मिळतो, विकायच्या रेडकांना पोटभर घातला तर चालेल का? (2015 पासून गोवंश हत्येला बंदी आहे, म्हणून मांसासाठी वाढवायचं ते म्हशीचं रेडकूच.)

नाही चालणार. कोंड्यात प्रथिनं 12-14 टक्के आहेत हे खरं, पण तेलही 15 टक्क्यांच्या आसपास, ते जास्त झालं की तणस (भाताचा पेंढा) पचत नाही, शेण पातळ होतं. 100 किलो खुराकात कोंडा 30 किलो, बस. बाकी सरकी ढेप 25, कनकी (तुकडा तांदूळ) 20, तूर चुनी 20, मिनरल मिक्श्चर 2, मीठ 1 आणि चुनखडी पावडर 2 किलो. दीड क्विंटलच्या रेडकाला हा खुराक दिवसाला दीड किलो, दोन वेळा वाटून, सोबत तणस आणि थोडा हिरवा चारा. कनकी स्वस्त मिळाली म्हणून एकदम टोपलंभर टाकू नका, पोटात आंबते आणि जनावर रात्रीत आडवं होतं. काहीही नवीन सुरू करायचं तर 10-15 दिवसांत हळूहळू.

चुनखडी कुणी घालत नाही आणि तिथंच घात होतो. कोंड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला, त्यातून नराला मुतखडा होतो. मी गोठ्यात गेलो की आधी रेडकाच्या मुताच्या जागेचे केस बघतो, त्यावर वाळूसारखे कण चिकटलेले असले की समजायचं. आणि डीलर काय देतो? डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट! अरे, त्यात परत फॉस्फरसच आहे. डीसीपी नको, कॅल्शियमचं टॉनिक नको, पानाचा चुना पण नको, साधी पशुखाद्याची चुनखडी पावडर घ्या. रेडकू कुंथतंय, थेंब थेंब मुततंय, तर डीलरकडचं लघवी सुटायचं औषध अजिबात पाजू नका, वाट बंद असताना मूत वाढलं की मुताची पिशवी फुटते. सरळ डॉक्टर बोलवा, त्याच दिवशी.

डीलर म्हणतो दोन महिन्यांचा कोंडा भरून ठेवा. नका भरू. कच्चा कोंडा पावसाळ्यात आठवड्यात खवट होतो, मिलवरून ताजाच आणा. मूठभर पाण्यात टाका, तूस (भाताचं टरफल) वर तरंगला तर भेसळ, गोणी परत.

अनुदानाचं विचारलंत: राष्ट्रीय पशुधन अभियानात मुरघास, चारा-विटांच्या युनिटला 50 टक्के, कमाल 50 लाख. कोंड्याच्या गोणीला नाही.