वर्ग सुरू होण्याआधी काय वाचून ठेवू?

नीटचा निकाल लागून पशुवैद्यकाच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कॉलेज सुरू व्हायच्या आधी मी काय वाचून ठेवू?’ प्रश्न अभ्यासाचा असल्यामुळे आईवडीलही तो कौतुकाने ऐकतात. मी मात्र त्याचे उत्तर पुस्तकांची यादी देऊन देत नाही, कारण यादी मागणाऱ्या बहुतेकांकडे ती आधीच असते. त्यांना हवी असते हमी.

मृण्मयीचे उदाहरण सांगते. नाव आणि ओळखीचे तपशील अर्थातच बदलले आहेत. शहरात, फ्लॅटमध्ये वाढलेली ही मुलगी. एमबीबीएसची जागा थोड्या गुणांनी हुकली आणि महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या एका महाविद्यालयात प्रवेश निश्चित झाला. माझ्याकडे आली तेव्हा तिच्या वहीत बैलाच्या हाडांची नावे वेगवेगळ्या रंगांच्या शाईत लिहिलेली होती आणि रात्रीची झोप उडालेली होती.

“निदान हाडे तरी पाठ करून जाते, म्हणजे मागे पडणार नाही,” ती म्हणाली.

“कोणाच्या मागे?”

“ज्यांच्या घरी जनावरे आहेत त्यांच्या. मॅडम, मी गाईला कधी हातसुद्धा लावलेला नाही.”

“आणि पडलीस मागे, तर?”

बराच वेळ ती वहीची कड दुमडत बसली. “सगळे म्हणतील, डॉक्टरकी मिळाली नाहीच, हेही जमले नाही.”

माणसाला अस्वस्थ करतो तो प्रसंग नव्हे, तर त्या प्रसंगाविषयी मनात धरलेला हट्ट, असे मानणाऱ्या, मानसोपचाराच्या विवेकनिष्ठ परंपरेत मी शिकले. म्हणूनच मृण्मयीच्या भीतीची समजूत काढण्यापेक्षा, आपले अज्ञान कोणालाही कधीच दिसता कामा नये, या तिच्या हट्टाकडे मी लक्ष दिले. पुढच्या भेटीपर्यंत वही बंद ठेवायची आणि ओळखीतून एखाद्या गोठ्यात जाऊन यायचे, एवढेच काम तिला दिले. जाण्याआधी चार गोष्टी बजावल्या : मालकाच्या सोबतीनेच जायचे, जनावराच्या थेट मागून जायचे नाही, खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जायचे, आणि गाय बाजूलाही लाथ मारते हे विसरायचे नाही.

परत आली तेव्हा ती खुर्चीत बसण्याआधीच बोलू लागली. गोठेवाल्या काकांनी तिला गाईच्या डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यात, मूठ दाबून धरायला सांगितले होते. काही वेळ काहीच जाणवले नाही. मग आतून कोणीतरी हळूच ढकलावे तशी मूठ वर आली आणि पुन्हा खाली गेली. ते कोटीपोटाचे, म्हणजे गाईच्या पोटातल्या सर्वांत मोठ्या कप्प्याचे, आकुंचन. निरोगी गाईत ते मिनिटाला साधारण एक-दोनदा होते, आणि पुढे हेच मोजून जनावराचे पोट चालते आहे की नाही, हे तिला ठरवायचे आहे.

“वहीत ‘कोटीपोट डावीकडे’ या ओळीखाली मी तीन रेघा मारल्या होत्या,” ती म्हणाली, “पण गाईसमोर उभी राहिले आणि गाईची डावी बाजू म्हणजे नेमकी कोणती, तेच सुचेना. काकांना विचारले. ते हसले आणि माझा हात धरून दाखवले.”

“मग?”

“मग काही नाही.”

हे ‘काही नाही’ मला फार मोलाचे वाटते. गाईला हात लावल्याने तिची भीती गेली, असे तिच्या आईला वाटले. माझे मत निराळे आहे. एका अनोळखी माणसासमोर ती अडाणी ठरली, तो तिला हसला आणि तरीही काही कोसळले नाही, हा तिच्यासाठी खरा नवा अनुभव होता. पहिले वर्ष याच अनुभवाची रोजची आवृत्ती असते. शरीररचनाशास्त्राच्या तोंडी परीक्षेत हातात हाड दिले जाते आणि ते उजवे की डावे, असे विचारले जाते. चुकायचे असते ते सगळ्यांसमोर. घरी गोठा असलेली मुले इथे सुरक्षित असतात असेही नाही. जनावर हाताळण्यात ती सरस असली, तरी इंग्रजी संज्ञांपाशी त्यांतली अनेक अडखळतात.

ज्यांना तयारी करायचीच आहे त्यांनी ती या अंगाने करावी. आधी एकच जनावर, गाय किंवा बैल, नीट ओळखीचे करावे. गाईला बरगड्यांच्या तेरा जोड्या, घोड्याला अठरा. घोड्याला पित्ताशय नसते. असली तुलना गाय पक्की झाल्यावर आपोआप लक्षात राहते, आधी केली तर गोंधळ उडतो. हाड चित्रात पाहण्यापेक्षा हातात धरून फिरवावे. वरच्या वर्गातली मुले ते आनंदाने दाखवतात. विच्छेदनगृहात फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, पहिल्या आठवड्यात जेवणही नकोसे होते. ही नालायकीची खूण नव्हे. रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेण्याविषयी डॉक्टरांशी बोलून घ्यावे, कारण या कामाच्या पूर्वतयारीवर होणारा हा सर्वांत सार्थ खर्च आहे.

झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे हरवली असेल, तर मात्र गोठ्यात जाऊन भागणार नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे किंवा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे.

शेवटच्या भेटीत मृण्मयीने स्वतःहून सांगितले की नीटची पुस्तके तिने वसतिगृहाच्या बॅगेत भरली आहेत, म्हणजे एक पाय इकडे आणि एक तिकडे. असे करणारी मुले पुष्कळ असतात आणि दोन्हीकडे थकतात. पुन्हा परीक्षा देण्यात गैर काहीच नाही, मात्र तो निर्णय उघडपणे, वर्ग सुरू होण्याआधी घ्यावा, एवढाच माझा आग्रह असतो. वडिलांना मी बोलावून घेतले. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचे आहे, तेव्हा आपली मुलगी कुठल्या तरी उरल्यासुरल्या शाखेत चालली नाही, हेही त्यांना सांगितले. ते म्हणाले, “ते ठीक आहे हो मॅडम, पण पुढच्या वर्षी पुन्हा नीट द्यायची की नाही, ते तिला विचारा.”

“द्यायची नाही, बाबा,” मृण्मयी म्हणाली. “आणि पुस्तके परत करायची राहिली आहेत, त्याचे डिपॉझिट तेवढे तुम्ही क्लासवाल्यांकडून आणा.”