शस्त्र कोणते, ते तिला ठरवू द्या

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. पाचवीपासून तलवारबाजी खेळते. स्पर्धा कमी असलेला खेळ म्हणून मीच तो निवडला. या खेळात वेगवेगळी शस्त्रे असतात. आधी ती त्यातले इपी खेळायची. भारताच्या तलवारबाज भवानी देवी सेबर या दुसऱ्या शस्त्रात ऑलिम्पिकला गेल्या म्हणून मी सरांना सांगून तिला सेबरमध्ये घातले. यंदा राज्य स्पर्धेत ती लवकर बाहेर पडली. तिच्यात आक्रमकताच नाही. मी प्रत्येक लढतीचे चित्रण करतो, रात्री जेवताना तिला चुका दाखवतो, तरी फरक नाही. उलट बारीक स्क्रू आणि स्प्रिंगा घेऊन हत्यारे दुरुस्त करत बसते, त्यात वेळ जातो. सोबत तिच्या लढतींचा तक्ता जोडला आहे. दहावीनंतर खेळ चालू ठेवून खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणातून सरकारी नोकरीचे पाहावे, की खेळ बंद करून वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेची तयारी करावी?
— एक पालक, परभणी

उत्तर : तुमचा तक्ता पाहिला. कोणत्या लढतीत किती गुण गेले, ते तारीखवार आहे. नववीत किती टक्के मिळाले ते पत्रात नाही. तिला काय आवडते तेही नाही. त्यामुळे नीटचे नंतर बघू. आधी जेवण आणि मोबाइल वेगळे करा, आजच्या आज. पोर हरून घरी येते, हातपाय धुऊन पानावर बसते, आणि बाप व्हिडिओ थांबवून विचारतो, ‘इथे मागे का सरलीस?’ त्या भाकरीची तिला काय चव लागत असेल? लढतींचे चित्रण उपयोगी असते, नाही असे नाही. पण ते सरांनी, सरावाच्या वेळी आणि तिने विचारल्यावर दाखवायचे. तुम्ही स्वतः कधी मास्क घातला आहे का, हेही पत्रात कुठे दिसले नाही.

आता ‘आक्रमकता नाही’ या निदानाकडे वळू. इपीत डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत सगळे शरीर लक्ष्य असते. आधी हल्ला कोणी केला याला महत्त्व नसते आणि दोघांची टोके एकाच वेळी लागली तर दोघांनाही गुण मिळतो. म्हणून तिथे थांबावे लागते, समोरच्याला पुढे येऊ द्यावे लागते आणि तो आला की नेमके त्याच्या मनगटावर टोक लावावे लागते. सेबर याच्या अगदी उलट. लक्ष्य कमरेच्या वरचे, वार धारेचाही चालतो, दोघांचे वार एकदम लागले तर हल्ल्याचा हक्क ज्याच्याकडे, म्हणजे ज्याने आधी हल्ला सुरू केला, त्याला गुण, आणि एकेक गुण दोन-चार सेकंदांत निकालात निघतो. थांबणारी मुलगी इथे मार खाणारच. म्हणजे तिचा जो गुण होता तोच तुम्ही दोष ठरवलात. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या इपीच्या अंतिम लढतीत हाँगकाँगची व्हिव्हियन काँग १-७ अशी मागे पडली होती. ती धीराने खेळत राहिली आणि जादा वेळेत १३-१२ ने सुवर्ण जिंकली. ही बाई स्टॅनफर्डला शिकलेली, बरं का. खेळ की शिक्षण, असा सौदा तिने केला नव्हता.

आणि स्पर्धा कमी म्हणजे पदक सोपे, हा समज डोक्यातून काढून टाका. हा खेळ खेळणारे थोडे आहेत, हे खरे. पण जे आहेत ते हौशी नाहीत. तुमच्या शेजारी छत्रपती संभाजीनगरलाच साईचे, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे, तिथे मुले हेच करायला राहतात. राष्ट्रीय स्पर्धेत मणिपूर, हरियाणा, पंजाब, केरळची मुले समोर येतात. भारताबाहेर पाऊल टाकले की आशियातच कोरिया, जपान, चीन आणि हाँगकाँग उभे. भवानी देवी 2004 मध्ये शाळेत या खेळाकडे आल्या, तेही बाकीच्या खेळांतल्या जागा भरल्या होत्या म्हणून. त्या ऑलिम्पिकला पोहोचल्या 2021 मध्ये. तिथे पहिली लढत १५-३ ने जिंकली, दुसरी ७-१५ ने गेली. 2023 मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत जगज्जेतीला हरवून कांस्य मिळवले आणि तरीही पॅरिसचे तिकीट हुकले. गर्दी कमी म्हणून या रांगेत उभे राहणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा.

नोकरीतले पाच टक्के आरक्षण आहेच, पण पद जितके वरचे तितक्या वरच्या स्तरावरची कामगिरी लागते, प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते आणि भरतीची परीक्षा सुटत नाही. नीट द्यायची असेल तर जीवशास्त्राची आवड हवी. तुमच्या पत्रात तिचा मागमूसही नाही.

पत्रातली मला सगळ्यांत आवडलेली ओळ तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे. इपीच्या टोकाला एक दाबणारे बटण असते. आत स्प्रिंग, बाजूला दोन इवलेसे स्क्रू, आणि पात्याच्या खाचेतून मुठीपर्यंत आलेल्या तारा. लढतीआधी पंच त्या टोकावर 750 ग्रॅमचे वजन ठेवतात. स्प्रिंगने ते उचलले नाही तर हत्यार बाद. सेबरला असे टोकच नसते. मग स्प्रिंगा आणि स्क्रू घेऊन ती कोणाची हत्यारे दुरुस्त करते? एक तर मैत्रिणींची, नाहीतर स्वतःची जुनी इपी. तुम्ही तिला दुसऱ्या शस्त्रात घातलेत, तिचे हात मात्र अजून इपीवरच आहेत.

अशा हातांसाठी दहावीनंतर तंत्रनिकेतनचा इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशनचा तीन वर्षांचा डिप्लोमा बघा. पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. स्पर्धांमध्ये हत्यारे तपासणारे आणि दुरुस्त करणारे जाणकार लागतात, पण आपल्याकडे निव्वळ त्यावर घर चालत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. शिकवण्याची आवड निघाली तर पदवीनंतर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक-पदविका अभ्यासक्रम आहे. यातले तिला काहीच नको असेल, तर तेही चालेल.

या आठवड्यात सरांना भेटा. तिला सोबत न्या आणि बोलणे तिलाच करू द्या. तिला इपीकडे परतायचे असेल तर परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये, ऐन दहावीच्या तोंडावर नको. पुढचे पत्र तिनेच लिहावे. तुम्ही पाठवलेला तक्ता मी जपून ठेवणार नाही.